रूपानं पावडर मागितली नव्हती

देवखेड्याच्या शाळेत हेमलताला सगळी पोरं मावशी म्हणत. पहिलीतल्या शेंबड्या पोरापासून मिसरूड फुटायला लागलेल्या आठवीच्या मुलांपर्यंत ती सगळ्यांची खिचडीवाली मावशी. तिची स्वतःची मुलगी भाविका आठवीत होती. तीही शाळेत तिला मावशीच म्हणायची. घरी मम्मी, आणि शाळेचं फाटक ओलांडलं की मावशी. "मावशी, थोडा भात वाढा." वाढ नाही, वाढा. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हेमलताला हसूच आलं होतं. पुढं सवय झाली. पोरगी चारचौघांत आपल्याला आई म्हणत नाही, ही गोष्ट तिनं मनाच्या तळाशी ढकलून दिली आणि वर कामाची पातेली रचली.

नवरा समाधान सुरतेला लूमवर होता. दिवाळीला यायचा, आखाजीला म्हणजे अक्षय तृतीयेला यायचा. घरात मायलेकी दोघीच. सकाळी नऊला हेमलता आणि सुंदरबाई शाळेमागच्या शेडमध्ये गॅस पेटवायच्या, दीड वाजेपर्यंत दोनशे ताटं वाढून व्हायची, मग भांडी. सुंदरबाई वयानं मोठी, गुडघ्यांनी अधू, म्हणून जड पातेली हेमलताच उचलायची. आपल्या पोरीच्या हाताला हे काळं लागू द्यायचं नाही, एवढंच तिनं ठरवलेलं होतं. आणि भाविका होतीच तशी. पहिल्या पाचांत नंबर, भाषणाच्या स्पर्धेत तालुक्याला जाऊन आलेली. हल्ली घरातसुद्धा ती पुस्तकातल्यासारखं मराठी बोलायची. आई अहिराणीत विचारायची, पोरगी मराठीत उत्तर द्यायची. शेजारणी म्हणायच्या, हेमलता, तुनी पोर मॅडम व्हई. हेमलता वरवर हात झटकायची, पण तो दिवस तिचा चांगला जायचा.

त्या जूनमध्ये रूपा आली. पिंपळनेरच्या वरच्या अंगाला, डोंगराला टेकून एक पाडा आहे, तिथली. पाड्यावरची शाळा सातवीपर्यंतच. तिचा बाप मंगा पहिल्या दिवशी तिला सोडायला आला आणि पोरीचं मनगट धरून शेडपाशीच उभा राहिला. ऑफिस कुठलं, हे त्याला कळेना. "बाई, हाई आठवीनी पोर शे," एवढंच तो म्हणाला. हेमलतानं त्याला हेडसरांची खोली दाखवली.

रूपा अंगानं किरकोळ होती, पण केस कमरेच्या खाली. घट्ट एकच वेणी, तेलानं चपचपलेली. ते तेल मोहाच्या बियांचं. पाड्यावर त्याच तेलात भाजीला फोडणी पडते आणि तेच डोक्याला लागतं. त्याला एक जड, कडवट वास असतो. ज्यांच्या घरात तो रोजचा असतो, त्यांना तो येत नाही.

आठवीच्या मुलींना तो पहिल्याच तासाला आला.

आठवड्याच्या आत रूपाचं नाव रॉकेल पडलं. ती वर्गात शिरली की मुली नाकाला ओढणी लावायच्या. बाकावर तिच्या शेजारी जिला बसवलं जाई, ती दुसऱ्या दिवशी आजारी पडे किंवा मॅडमला चष्म्याचं कारण सांगून पुढं जाई. जेवणाच्या रांगेत रूपा सगळ्यात शेवटी उभी राहायची, कारण मध्ये उभी राहिली तर तिच्या मागच्या मुली हात-हात अंतर सोडून उभ्या राहत आणि लहान पोरं ते बघून खिदळत. ताट घेऊन ती हापशाच्या ओट्यावर एकटी बसायची. खायची मात्र मन लावून. सकाळी पाड्यावरून चार किलोमीटर चालत आलेली असायची ना. हेमलता तिच्या ताटात एक डाव जास्तच टाकायची आणि तेवढं करून आपलं काम झालं, असं तिला वाटायचं.

या सगळ्यात पुढं कोण होतं, हे शेडच्या दारातून तिला दिसत होतं. नकला भाविका करायची. रूपा वाचताना अडखळली, 'शाळा'ला 'साळा' म्हणाली, की मधल्या सुट्टीत भाविका तेच वाक्य तसंच्या तसं म्हणून दाखवायची, मान तशीच वाकडी, डोळे तसेच खाली. हुबेहूब. मुली पोट धरधरून हसायच्या. एकदा तर हेमलताच्या तोंडावर हसू आलं, इतकी नक्कल हुबेहूब होती. मग तिची नजर हापशाकडं गेली आणि तिनं घाईनं झाकण उचलून भात हलवायला घेतला. भात हलवायची काही गरज नव्हती.

सुंदरबाई एक दिवस मसूर निवडता निवडता म्हणाली, "हेमा, तुनी पोरगी त्या पाड्यानी पोरले भलती छळस. तुले दिखस ना?"

"पोरी शेत अक्का. मस्करी करतस."

"मस्करीमा दोन्ही जनी हसतस. ती पोर कठे हसस?"

त्या दिवशी घरी तिनं भाविकाला विचारलं, ती रूपा तुले काय करस, तिना मांगे काबर लागी शेत तुम्ही. भाविका वहीतून मान न उचलता म्हणाली, "मम्मी, तू मध्ये पडू नको. सगळ्याच चिडवतात. मी एकटीनं चिडवलं नाही तर मला विचारतील, तुला का तिचा पुळका." आणि मग जरा थांबून, "आणि तिला काही वाटत नाही. तिला कळतच नाही."

हेमलताला हे पटलं नाही. पण पटल्यासारखं करून तिनं भाकरी तव्यावर टाकली. परीक्षा जवळ होती, समाधानचा फोन यायचा होता. आणि खरं सांगायचं तर ती आपल्या लेकीला थोडी घाबरत होती. तिच्याशी वाद घालताना शब्द कमी पडायचे, आणि शब्द कमी पडले की भाविका ओठ मुडपून तिच्याकडं बघायची. ते बघणं तिला नको असायचं.

पोळा झाला आणि चार-सहा दिवसांनी ते घडलं.

शनिवारची सकाळची शाळा होती. जेवण वाढून झालं होतं. हेमलता भांडी घासायला बसली तर पावडरीचा डबा जागेवर नव्हता. भांड्यांची पावडर, पांढरी, झोंबरी, हाताच्या भेगांत गेली तर दिवसभर आग होते अशी. तिला वाटलं, सुंदरबाईनं हलवला असेल. सुंदरबाई म्हणाली, मी नही. एवढ्यात मुलींच्या संडासाकडून आवाज आला. आधी हसण्याचा, मग कुणीतरी "बस, बस, धर तिला" म्हणाल्याचा. मग एक किंकाळी. ती किंकाळी ऐकून हेमलता ओल्या हातांनीच धावली.

संडासामागच्या टाकीच्या नळाखाली रूपा गुडघ्यांवर होती. तिची वेणी सुटलेली, केस पुढं आलेले, आणि डोक्यापासून गळ्यापर्यंत पांढरा फेस. दोन्ही मुठी डोळ्यांवर घट्ट दाबून ती पुढं-मागं झुलत होती. पाच-सहा मुली पांगल्या. एकीच्या हातात मोबाईल होता. टाकीच्या कडेला पावडरीचा डबा आडवा पडला होता, आणि डब्याच्या सगळ्यात जवळ भाविका उभी होती. तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत फेसाळलेले होते. तिनं आईकडं पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर हसू होतं आणि ते विरायला लागलं होतं.

"आम्ही फक्त शाम्पू…" एवढंच ती म्हणाली.

हेमलतानं रूपाचं डोकं नळाखाली धरलं. मुठी सोडवता सोडवेनात. पाणी मारत राहिली, मारत राहिली. सुंदरबाई लंगडत आली, तिनं पदरानं फेस निपटला. उजवा डोळा उघडला तर आत सगळं लालभडक. रूपा ओरडत नव्हती आता. दातावर दात दाबून ती एकच म्हणत होती, "माय व, माय व." भाविका कुठं गेली, ते हेमलतानं पाहिलं नाही. डबा मात्र तिनं पायानं भिंतीच्या आडोशाला सरकवला. का सरकवला, ते तिचं तिलाही नंतर सांगता आलं नसतं. पाय आपोआप गेला.

शाळेतल्या एका सरांनी मोटारसायकलवर बसवून रूपाला सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी डोळा धुतला, पट्टी बांधली आणि धुळ्याला दाखवायला सांगितलं. मंगा आणि त्याची बायको दिवालीबाई दुसऱ्याच्या कांद्यात कामाला होती. त्यांना निरोप पोचून ती पोरीला धुळ्याला घेऊन जाईपर्यंत चौथा दिवस उजाडला. बुबुळावर ढगासारखा डाग राहिला तो राहिलाच.

त्यानंतरच्या गुरुवारी हेडसरांच्या खोलीत सगळे जमले. हेडसर, आठवीच्या वर्गशिक्षिका दिपमाला मॅडम, शाळा समितीचे दोघे जण, मंगा आणि दिवालीबाई. रूपा आईच्या मागं, डोक्यावरून ओढणी घेऊन. मोबाईलमधलं चित्रण त्या मुलीच्या बापानं आधीच पुसून टाकलं होतं, आणि तो बाप समितीतलाच एक होता. भाविकासह पाच मुली भिंतीला लागून उभ्या होत्या. विचारलं तर पाचहीजणी म्हणाल्या, ती स्वतःच केस धूत होती, आम्ही बघत होतो. चौघी लगेच म्हणाल्या. भाविका जरा थांबून म्हणाली.

"पण पावडर तिच्याकडं आली कुठून?" दिपमाला मॅडमनं विचारलं. त्या नवीन होत्या, त्यांना खरंच शोधायचं होतं. "ती तर किचनशेडमध्ये असते. मावशींना बोलवा."

हेमलताला बोलावलं. ती दारातच उभी राहिली. हेडसर म्हणाले, "मावशी, पावडर कुणी नेली? तुमच्या समोर नेली का?"

खोलीत पंखा फिरत होता. हेमलताला समोर भाविका दिसत होती. तिची खालमान, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळणं. लहानपणी ताप आला की पोरगी असंच करायची. हेमलताच्या डोळ्यांपुढून सगळं एका दमात गेलं. दाखल्यावर लाल शेरा. समाधान सुरतेहून येऊन म्हणेल, शाळा बंद. गावात तोंड दाखवायची सोय नाही. शेडमधलं काम जाईल. आणि भाविका, जिनं मॅडम व्हायचं होतं.

"तिनीच मागितली," हेमलता म्हणाली. आवाज तिला दुसऱ्या कुणाचा तरी वाटला. "रूपानी. मावशी, डोकं धुवाले थोडी पावडर द्या, म्हणाली. मी दिली. मले वाटलं, हात धुवायचे असतील."

रूपानं ओढणी बाजूला केली. तिच्या एका डोळ्यावर पट्टी होती. दुसऱ्या डोळ्यानं ती हेमलताकडं बघत राहिली. तिच्या नजरेत राग नव्हता. गणित फळ्यावर सुटतंय आणि आपल्याला कळत नाही, अशी तिची नजर होती.

हेडसरांनी मोकळा श्वास सोडला. जबाब लिहून झाला. हेमलतानं त्याच्याखाली सही केली, अक्षर अक्षर जोडून. मंगा एकदाच बोलला, "पोर अशी नही शे, सर." त्याला पाणी देण्यात आलं.

त्या संध्याकाळी घरी कुणीच चूल पेटवली नाही. भाविका कोपऱ्यात बसली होती. हेमलता तिला म्हणाली, "काबर करं तू असं? त्या पोरनी तुनं काय वाईट करं व्हतं?"

भाविका बोलली तेव्हा तिचं पुस्तकी मराठी गळून पडलं होतं. "तुले काय माहीत, मम्मी? सहावीमा, सातवीमा माले काय म्हनेत, तुले माहीत शे? खिचडी. दोन वरीस माले खिचडी म्हनेत. 'खिचडी, तुनी माय आमना उष्टा ताटं उचलस.' मना दप्तरमा भात टाकेत. मी तुले कधी सांगं का?" तिचा आवाज फुटला. "रूपा उनी आणि मनं नाव गयं. एका दिवसमा गयं. मी तिले नाव ठेवं, आनि बठ्ठ्या पोरी मना मांगे उन्यात."

हेमलता खाली बसली. दोन वर्षं. रोज दीड वाजता पोरगी ताट घेऊन समोर यायची आणि म्हणायची, मावशी, थोडा भात वाढा. रोज ती तिच्या तोंडाकडं बघत होती, आणि तिला काहीच दिसलं नव्हतं.

"आज तिथं…" भाविका नाक पुसत म्हणाली, "मी सांगणार होते. खरंच. मॅडमनं पावडरचं विचारलं तेव्हा मी सांगणार होते. मग तू आलीस." ती आईकडं बघत होती. "तू का आलीस?"

हेमलतानं पोरीला जवळ ओढलं. भाविका आली, पण लाकडासारखी आली.

दिवाळी होऊन शाळा उघडली. रूपा आली नाही. हजेरीपटावर तिचं नाव होतं, मॅडम रोज ते वाचायच्या आणि कुणीतरी मागून म्हणायचं, "संपलं, टाकीतलं रॉकेल संपलं." पण हसायच्या कमी. आता मुलींना दुसरं काहीतरी हवं होतं, आणि भाविकाला ते सगळ्यांच्या आधी कळलं. खिचडी हे नाव परत यायच्या आत तिनं पाचवीतली एक बोबडी पोर, कोकिळा, हेरली. तिला हापशावर अडवून 'र' म्हणायला लावायची. म्हटल्याशिवाय पाणी नाही. हेमलता शेडमधून ओरडली, "भाविका!" तेव्हा भाविका शांतपणे वळली आणि म्हणाली, "काय झालं, मावशी? ती स्वतःच म्हणतेय."

ते ऐकलं आणि हेमलताच्या हातातलं झाकण खाली पडलं.

रविवारी ती पाड्यावर गेली. सोबत काय न्यावं कळेना, म्हणून किलोभर साखर घेतली. घरापुढं मंगाचा बाप झिपरू बाजेवर बसला होता, आणि आत गाठोडी बांधणं चाललं होतं. ऊसतोडीची गाडी दुसऱ्या दिवशी येणार होती, गुजरातेत बारडोलीकडं जायला. दिवालीबाई बाहेर आली. तिनं हेमलताला ओळखलं. बस म्हणाली नाही, जा म्हणाली नाही.

हेमलता उभ्या उभ्याच बोलली. मी खोटं बोलले. माझ्या पोरीनं केलं. डबा माझ्या पोरीनं नेला. रूपाला शाळेत पाठवा, मी हेडसरांना सांगते, मी लिहून देते. बोलता बोलता तिला रडू आलं. दिवालीबाई रडली नाही. ती गाठोड्याची गाठ आवळत राहिली.

"आते सांगी ऱ्हायनी?" ती म्हणाली. "आते तिना डोळा गया. आते ती कोयता धरी."

"मी तिले मना घर ठेवसू. शाळामा मी स्वतः ली जासू."

"तुना घर?" दिवालीबाईनं मान वर केली. "जठे ती पोर राहस?"

तेवढ्यात रूपा दारात आली. तिचे केस कानाच्या वर कापलेले होते. पावडरीनं गुंतले होते, सुटेनात, म्हणून आईनं कापून टाकले, असं झिपरू म्हातारा मागून सांगत होता. उजव्या डोळ्यात तो पांढुरका डाग. ती दाराच्या लाकडाला नखानं खरवडत उभी राहिली. मग तिनं हळूच विचारलं, "मावशी, मी मांगेल व्हती का पावडर?"

"नही माय," हेमलता म्हणाली. "तू नही मांगी. मी खोटं बोलनू."

रूपानं थोडा वेळ विचार केला. "माले वाटनं, मांगी व्हई," ती म्हणाली. "बठ्ठा लोक तेच सांगेत. माले वाटनं, मीच इसरी गऊ."

मग ती आत गेली आणि भांडी गोणीत भरायला लागली. हेमलतानं साखर बाजेवर ठेवली. कुणी तिला हात लावला नाही.

सोमवारी हेमलता हेडसरांपुढं जाऊन उभी राहिली आणि सगळं सांगितलं. हेडसर ऐकून घेत होते. माणूस वाईट नव्हता, दोन वर्षांत निवृत्त होणार होता. त्यांनी दार लोटून घेतलं.

"मावशी, तुमची सही आहे त्या कागदावर. कागद वर गेला. आता तुम्ही दुसरं लिहून दिलंत, तर आधी तुम्ही खोटं बोललात हे सिद्ध होतं. तुमचं काम जाईल, पोरीच्या नावावर ते लागेल. आणि ती रूपा कुठं आहे?"

"गुजरातले गयी. ऊसतोडले."

"मग?" हेडसर म्हणाले. "कुणासाठी?"

तिनं तरीही लिहून दिलं. दिपमाला मॅडमनं कागद पुढं केला, शब्द सांगितले नाहीत, फक्त जिथं तिची वेलांटी चुकली तिथं बोट ठेवलं. तो कागद पुढं गेला की नाही, ते हेमलताला कधी कळलं नाही. कळलं ते एवढंच, की जानेवारीत स्वयंपाकाचं काम दुसऱ्या बचत गटाकडं गेलं. सुंदरबाईचंही गेलं. सुंदरबाई तिला एक शब्द बोलली नाही, पण भेटायला यायची बंद झाली.

आणि भाविकाला परत एक नाव मिळालं. खिचडी नाही, त्याहून वाईट. ज्या चौघी तिच्या मागं हसायच्या त्यांनीच ते पाडलं, कारण तिच्या आईच्या कागदानं त्याही अडकल्या असत्या. ते नाव भाविकानं आईला सांगितलं नाही. एके दिवशी तिनं वर्गात एकीचं डोकं बाकावर आपटलं. रक्त आलं. समाधान सुट्टी काढून आला, त्यानं ओसरीवर लोकांदेखत पोरीला मारलं आणि बायकोला म्हणाला, "तुना हातमा नही राहिनी ती. मी तिले सुरतले ली जास."

हेमलता मध्ये पडली, तिलाही बसली. भाविका मात्र रडली नाही. तिनं आपली पुस्तकं स्वतःहून पोत्यात भरली आणि पोतं शेजारणीच्या सुनेला रद्दीला देऊन टाकलं. निघताना हेमलतानं तिच्या हातात दशम्यांचा डबा दिला. भाविकानं तो घेतला, आणि गाडी हलेपर्यंत दुसऱ्या खिडकीतून बाहेर बघत राहिली. सुरतेत ती साड्यांना टिकल्या लावते. समाधानच्या फोनवरून हेमलता तिच्याशी बोलायला बघते. पलीकडून शिवणयंत्रांचा आवाज येतो. "जेवली का?" "हो." "तब्येत?" "बरी." मग समाधान फोन घेतो.

जूनमध्ये समाधाननं सांगितलं, दाखला काढून ठेव, कुठं लागला तर लागला. हेमलता शाळेत गेली. शेडमध्ये दुसऱ्याच बाया होत्या, त्यांनी तिच्याकडं पाहून मान डोलावली. ऑफिसात बसलेल्या सरांनी मोठं रजिस्टर उघडलं. एका ओळीवर भाविका, चार ओळी सोडून रूपा. रूपाच्या नावावर मार्चमध्येच रेघ मारलेली होती.

"शाळा सोडल्याचं कारण काय लिहू?" त्यांनी विचारलं.

हेमलताला सांगायचं होतं. तिनं तोंड उघडलंही. पण कुठून सुरू करावं, हे तिला ठरवता येईना. सर पेन टेकवून वाट बघत होते, मागं आणखी दोन पालक उभे होते. तिची नजर खाली सरकली. रूपाच्या रकान्यात निळ्या शाईत लिहिलं होतं, पालकांचे स्थलांतर.

"बाप सुरतेलाच असतो ना?" सर म्हणाले. "मग तेच लिहितो."

"लिहा," हेमलता म्हणाली.

त्यांनी लिहिलं, शिक्का मारला, कागदावर फुंकर घातली आणि तिच्या हातात दिला. तिनं तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून नीट घडी केली आणि पिंपळनेरच्या रस्त्यावर येऊन उभी राहिली. आता तिला कांदे लावायच्या कामाला नेणारी गाडी तिथूनच जायची. उशीर झाला होता, पण कधीकधी ती थांबायची.